अंबाजींचा पहिला नंबर

सुदुंबऱ्याच्या अंबाजी ड्रायव्हरांचं वय मी वाढवलं. एका अर्जात, एका बैठकीत, पुरी सहा वर्षं. मी त्यांचा कंडक्टर. अक्षर बरं म्हणून लोणावळ्याच्या स्टँडवरचे सगळे अर्ज माझ्याच गळ्यात पडायचे. पण या अर्जासाठी मला कोणी गळ घातली नव्हती. मलाच मजा वाटली होती.

सरकारनं खाजगी मोटारी ताब्यात घेतल्या त्याआधी अंबाजी भैरवनाथ मोटार सर्व्हिसवर होते आणि नवलाख उंबऱ्याचे दत्तोबा वाघजाई मोटार सर्व्हिसवर. तळेगाव ते लोणावळा रस्ता एकच, उतारूही तेच, त्यामुळे दोघांनी दहा वर्षं एकमेकांना धूळ चारली, तीही रस्त्यावरची, खरीखुरी. मग दोन्ही कंपन्या सरकारी एसटीत गेल्या आणि हे दोघे एकाच बाकावर येऊन बसले.

"तुमची वाघजाई उतारूंनी ढकलली तरच चढ चढायची," अंबाजी म्हणायचे.

"आन् तुमची भैरवनाथ मालकाच्या सासूनं हात केला की उभी ऱ्हायाची. सासूचं पान खाऊन हुईस्तवर हालायची न्हाई!"

चहावाल्या कस्तुराबाई दोघांना एकाच किटलीतून चहा द्यायच्या. तरी पहिला कप कोणाला दिला, यावरून रोज कुरकुर.

छप्पन साली सीनियॉरिटीची यादी लागायची ठरली आणि थट्टेला धार आली. यादीत जो पहिला, त्याला सकाळी साडेसहाची पुणे गाडी मिळणार होती. गाडी नवी कोरी, आणि दिवस मावळायच्या आत घरी. अंबाजींना ती हवी होती. किती हवी होती ते मी डोळ्यांनी पाहिलंय. गाडी धुवायला उभी असली की ते येता-जाता बॉनेटवरून हात फिरवायचे.

अडचण अशी की खाजगीतून आलेल्या सगळ्यांची नेमणुकीची तारीख एकच धरली होती. तारीख सारखी, तर वयानं मोठा तो वर, असा नियम. आता वयाचा पुरावा आणायचा कुठून? दोघंही शाळेची पायरी चढलेले नव्हते. लायसनवर दोघांचं जन्मसाल चौदा, तेही साहेबानं तोंडाकडे बघून टाकलेलं.

"वलवणच्या धरणाचं काम निघालं तवा मी पाळण्यात हुतो," दत्तोबांनी जाहीर केलं. "समद्या उंबऱ्याला ठावं हाय."

"मी तवा रांगत हुतो," अंबाजी लगेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दत्तोबा रांगायला लागले, तर अंबाजी चालायला लागले. आठवडाभरात दोघंही शेळ्या वळत होते. आम्ही ड्यूटी संपली तरी ऐकायला थांबायचो.

शेवटी अंबाजी मला घेऊन सुदुंबऱ्याला आपल्या मावशीकडे गेले. मुक्ताबाई अंगणात पावटे सोलत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "मंग कितव्या सालचा म्हनून सांगू?"

"दत्तोबापरीस थोरला म्हना, मावशी."

"थोरलाच हायेस की. अंगठा कुटं लावू त्येवढं दाव."

सन एकोणीसशे आठ हे साल मीच सुचवलं. सहा वर्षांचा फरक असला की वादच नको, हे माझं शहाणपण! मावशींचा अंगठा, पाटलाचा शिक्का, अर्ज रवाना. दत्तोबांच्या अर्जावर शिक्काच नव्हता. तो परत आला आणि त्यांचं साल चौदाच राहिलं.

यादी लागली, पहिलं नाव अंबाजींचं. त्यांनी सगळ्या स्टँडला चहा पाजला आणि फर्मावलं, "दत्त्या, आजपासून मला आबा म्हनायचं. सा वर्सांनी थोरला हाय तुज्यापरीस."

"व्हय आबा," दत्तोबांनी हात जोडले. "काठी आनू का?"

तेव्हापासून सगळे त्यांना आबा म्हणू लागले. ते टायर बदलायला वाकले की कोणीतरी ओरडायचंच, "आबा, कंबर सांबाळा!" अंबाजी खूश असायचे. दहा वर्षं त्यांनी ती गाडी चालवली आणि मी मागं घंटी मारली.

सहासष्ट साली पाकीट आलं. मीच वाचून दाखवलं. वयाची अठ्ठावन्न वर्षं पूर्ण होत असल्यानं निवृत्त. अंबाजी हसले, त्यांना ती दत्तोबांची खोडी वाटली. मी पुन्हा वाचलं. मग ते हसले नाहीत.

त्यांच्या डोक्यावर एक पांढरा केस नव्हता. मी त्याच दिवशी दुसरा अर्ज लिहिला. उत्तर आलं की वय आपण स्वतःच पुराव्यानिशी सिद्ध केलेलं आहे. मावशी तर तोवर गेल्याही होत्या. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

निरोपाच्या वेळी साहेब उतारवयातल्या विश्रांतीवर बोलले. नंतर बाकावर अंबाजींच्या शेजारी टेकत दत्तोबा म्हणाले, "तू माज्यापरीस धाकटा हायेस. इंदुरीच्या जत्रंत तू रेवडीच्या इनामावरच्या कुस्त्या खेळायचास, पोरासोरांच्या. मी तवा थोरल्या पोरांच्या, नारळावरच्या खेळत हुतो."

"मंग तवा का न्हाई बोललास?"

"सायबाला शिक्का लागतो. रेवडीवर शिक्का कुटं असतो?"

दुसऱ्या दिवशी साडेसहाच्या गाडीवर दत्तोबा बसले. अंबाजी तुंगार्लीतल्या आपल्या खोलीवरून इस्त्रीचा खाकी शर्ट घालून आले. गाडीभोवती फिरले, टायरांना एकेक लाथ मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि बाजूला होऊन उभे राहिले. मी दोनदा घंटी मारली. गाडी हलेना. दत्तोबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आबा, सोडू का?"

त्या दिवशी कोणी हसलं नाही. अंबाजींनी एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सोड."

पुढं हे रोजचंच झालं. माझ्या घंटीला त्या गाडीत काही किंमतच उरली नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. बहात्तर साली दत्तोबा निवृत्त झाले. त्या सकाळी शेवटचं "सोड" म्हणून झाल्यावर अंबाजी माझ्याकडे वळले.

"चला," म्हणाले, "आज माजीबी नोकरी सरली."