माझं आठ, तुमचं?

"बगितल्याबिगर वतायची न्हाय," असं म्हणत ती बादली खिडकीपाशी उजेडात धरायची. आम्ही नर्सा नाकाला रुमाल लावून लांबूनच म्हणायचो, "बघितलं मावशी, ओत." पण ती ओतायची नाही. आधी स्वतः नीट बघायची, काहीतरी पुटपुटायची, कमरेला खोचलेला कोळशाचा तुकडा काढून खाटेमागच्या भिंतीवर रेघ मारायची आणि मगच मोरीकडे जायची.

सत्तरच्या दशकातली ही सोलापुरातली गोष्ट. उन्हाळ्यात विहिरींनी तळ गाठला की आमच्या दवाखान्यातला पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, वॉर्ड भरायचा. मधोमध भोक पाडलेल्या खाटा आणि खाली बादल्या. त्या बादल्या उपसणारी ती सफाईवाली मावशी आणि मी नुकतीच पास झालेली नर्स. जुलाब-उलट्यांतून जेवढं पाणी जाईल तेवढं सलाईन शिरेतून आत गेलं पाहिजे, नाहीतर माणूस हातचं जातं. एवढंच त्या वॉर्डाचं शास्त्र. हा आत-बाहेरचा तक्ता लिहिणं माझ्याकडे होतं. आणि माझा तक्ता काय वर्णावा! दोन रंगांची शाई, पट्टीने आखलेली घरं. मॅट्रन तो इतर मुलींना मुद्दाम दाखवायच्या. आकडे मात्र रुमालाआडून बघितलेले असायचे, हे आपल्यातच राहू द्या.

मावशीच्या त्या काळ्या रेघा आणि मधली टिंबं म्हणजे पटकीच्या देवीला, मरीआईला अडवायचा काहीतरी तोडगा, अशी माझी पक्की समजूत होती. विचारलं कधीच नाही. चिडवायचे मात्र, "काय मावशी, मरीआई काय म्हणते?"

"काय म्हनंल? लई काम हाय म्हनती," असं म्हणून ती हसायची. माझी समजूत आणखी पक्की व्हायची.

एकदा वरचे मोठे साहेब वॉर्ड बघायला यायचे होते. सकाळी मी भिंतींकडे बोट दाखवलं. "मावशी, हे सगळं पुसून काढ."

"पुसू व्हय?"

"हो."

"समद्या?"

"सगळ्या."

तिनं एकेका खाटेमागच्या रेघांवरून बोट फिरवलं आणि फडकं भिजवलं. साहेब आले, स्वच्छ भिंती बघून खूश झाले आणि गेले. मीही खूश.

तिसऱ्या खाटेवर आदल्या दिवशी आलेली एक विणकराची बायको होती. तिला तेलुगूशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. बाहेर व्हरांड्यात तिची नणंद बाईचं तान्हं पोर मांडीवर घेऊन बसली होती. दुपारपर्यंत बाई डोळे मिटून शांत झाली. बरं वाटायला लागलं असणार, असं मला वाटलं. दोन वाजता ड्युटी बदलताना डॉक्टरांनी माझा तक्ता बघितला. पाच बादल्या बाहेर, दहा बाटल्या आत. "बरोबरीला आलंय. सलाईन हळू करा," ते म्हणाले. मी नळीच्या चिमट्याला हात घातला.

"माझं आठ," मागून आवाज आला.

मावशी रिकामी बादली घेऊन उभी होती. तिनं बादलीच्या आत खिळ्यानं ओरखडलेली खूण दाखवली. "हितवर पानी आलं की तुमच्या दोन बाटल्या. खुनंला रेघ, उलटीला टिंब. आट रेघा झाल्यात ह्या बाईच्या."

"तक्त्यावर पाच आहेत. मग तीन गेल्या कुठं?" डॉक्टरांनी विचारलं.

"यक शिष्टर च्याला गेल्त्या तवा. दोन सकाळी ड्युटी बदलत्यात तवा. जानारी म्हनती, येनारी लिवंल. येनारी म्हनती, जानारीनं लिवलं आसंल."

"कुठं आहेत तुझ्या रेघा?"

तिनं त्या स्वच्छ भिंतीकडे बोट दाखवलं. माझं नाव तिनं घेतलं नाही. शेवटी मीच म्हणाले, "मी पुसायला लावल्या." "पुसायच्या आदी मोजल्यात म्या," मावशी म्हणाली.

डॉक्टरांनी बाईच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. घडी तशीच उभी राहिली, अंगातलं पाणी आटल्याची खूण. नाडी बोटाला लागेना. मग दुसऱ्या हातातही सुई गेली आणि चुकलेल्या सहा बाटल्या भराभर आत सोडल्या. संध्याकाळी बाई डोळे उघडून "नीळ्ळु, नीळ्ळु" म्हणाली. मावशीनं तिची मान उचलून पाणी पाजलं. तिसऱ्या दिवशी नणंदेनं पोर तिच्या कुशीत दिलं, तेव्हा मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

"मावशी, चुकलं माझं," मी म्हणाले.

"चुकलंच की," ती म्हणाली. "पर मी तरी मुकाट का पुसलं? माजी जीब काय झडली हुती?"

त्यानंतर आमच्या वॉर्डात ड्युटी बदलताना जाणारी नर्स, येणारी नर्स, डॉक्टर आणि मावशी अशी चौघं खाटेशी उभी राहू लागली. मावशी भिंतीकडे बघून सांगायची, "माझं सात. तुमचं?" आकडा जुळला नाही तर डॉक्टरांचीसुद्धा सुटका नसायची. मी तिला अहो-जाहो करून बघितलं, पण ते चार दिवससुद्धा चाललं नाही. "तुमी म्हनू नगा वो शिष्टर. मागं दुसरंच कोन तरी हुबं ऱ्हायलंय वाटतंय."

पुढे ती निवृत्त होऊन मंद्रूपला लेकीकडे गेली. तिथंच वारली. आम्हाला कळलं ते महिन्याभरानं. मला फार लागलं ते.

नंतर मीच मॅट्रन झाले. भिंतींना ऑइलपेंट लागला, त्यावर कोळसा उठेना. ड्युटी बदलताना दोघी मुली आपापले आकडे वाचायच्या, ते जुळायचे आणि त्या पुढच्या खाटेकडे निघायच्या. मी म्हणायचे, "थांबा. बादल्या उपसणाऱ्या बाईंना बोलवा." ती नवी बाई बिचकत दाराशी यायची. आपलं काय चुकलं, हे तिला कळायचं नाही. मी तिला हाताला धरून खाटेशी आणायचे आणि विचारायचे,

"आमचं पाच. तुमचं?"