चार वाजल्यानंतरचे नाना

दुपारचे चार वाजले की नाना डाव्या हाताने पापणी वर उचलून धरत आणि उजव्या हातातल्या चिमट्याने जखम पुसत. एका डोळ्यावर कारभार चालला आहे, असं आम्ही म्हणायचो आणि हसायचो. सगळ्यांत जास्त मी हसायचो.

साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका सरकारी दवाखान्यात मी औषधं देतो. नाना तिथे ड्रेसर होते. जखमा धुणं, टाके काढणं, पट्ट्या बांधणं हे त्यांचं काम. डॉक्टर येत आणि बदलून जात, नाना तिथेच. रांगेतला माणूस नुसता पाहून ते सांगत की याचा साधा ताप आहे, याला मात्र आधी आत घ्या.

पाड्यावरची एक बाई दर महिन्याला हाडं दुखतात म्हणून यायची. कामाचा कंटाळा असेल, म्हणून मी तिला दोन गोळ्या देऊन वाटेला लावायचो. नानांनी एकदा मला औषधांच्या खिडकीबाहेर बोलावलं. "आंग खोटं बोलत नही, भाऊ. तिना डोळा दखा, पिवळा शेतस." रक्त तपासलं, तर सिकलसेल हा रक्ताचा आजार निघाला.

तर असा हा माणूस. सकाळी ठणठणीत असायचा. दुपार कलली की पापण्या पडायच्या, जीभ जड व्हायची, शब्द नाकातून यायचे. डब्यातली भाकरी अर्धी चावून होईपर्यंत जबडा थकायचा. हसले तरी दात विचकल्यासारखं दिसायचं. संध्याकाळी डोळे आणि जीभ जड झालेला माणूस दिसला की आमच्या भागात त्याचं एकच निदान होतं. "नाना, आज लवकर सुरू केलं का?" असं मी चारचौघांत विचारायचो. तुम्हीही तेच समजला असतात, असं म्हणून मी बरेच दिवस मनाची समजूत घातली. पण तुम्ही औषधांच्या खिडकीत बसत नाही. मी बसतो.

त्यात नाना माळकरी. तरुणपणी मुक्ताईनगरला जाऊन त्यांनी तुळशीची माळ घातलेली. गळ्यात माळ आणि पोटात मोहाची, ही चर्चा गावाला चघळायला बरी होती.

एके दिवशी संध्याकाळी जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले. नानांनी नमस्कार केला, काहीतरी बोलायला गेले आणि शब्द तोंडातच विरघळले. हातातला ट्रे खाली पडला. साहेब गेल्यावर आमच्या नव्या डॉक्टरांनी कागद लिहिला, कामावर असताना दारूच्या नशेत आढळले. साक्षीदार म्हणून सिस्टरांनी सही केली, मी केली. दारूसाठी रक्त तपासायला पाठवतात, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पोलिसांनी आणलेल्या माणसांचं रक्त आम्ही नेहमीच घ्यायचो. पण जाऊ द्या, म्हाताऱ्याची आणखी शोभा नको, असं मीच म्हणालो. त्या वेळी मला ती माझी दया वाटली होती. नाना निर्दोष आहेत हे दाखवणारा एकच पुरावा होता आणि तो मी दयेपोटी घालवला.

आठ दिवसांनी नाना कामावर आले ते मोकळ्या गळ्याने. माळ काढलेली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. माळकरी माणूस आपल्या हाताने माळ उतरवतो म्हणजे आणखी काय कबुली हवी? त्यानंतर मी त्यांची थट्टाही बंद केली. थट्टा करण्याइतकीही किंमत त्यांना ठेवली नाही. नाना रजेवर गेले.

महिन्याभराने त्यांच्या पत्नी, अक्का, खिडकीशी आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी धुळ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी काढली आणि आवाज खाली आणून विचारलं, "ते म्हणतस आजार शे. तुम्ही खरं सांगा, भाऊ. ह्या गोळ्या दारू सोडान्या शेतस का?"

मी चिठ्ठी वाचली. ती गोळी मी नोकरीत कधी हातात धरली नव्हती. कॉलेजात मात्र परीक्षेसाठी पाठ केली होती. मायस्थेनिया नावाच्या आजाराची. मज्जातंतूंचा निरोप स्नायूंना नीट मिळत नाही. पापण्या पडतात, बोलणं जड होतं, चावताना जबडा थकतो, विसाव्याने बरं वाटतं, संध्याकाळी वाढतं. शब्द न् शब्द पाठ होता. त्या प्रश्नाला मला चांगले मार्क पडले होते.

दारूचा काही संबंध नाही, खरंच आजार आहे, असं मी सांगितलं. अक्का तिथेच पायरीवर बसल्या. त्यांनी नानांना पोरीबाळींची शपथ घातली होती. महिना-दीड महिना त्यांच्याशी धड बोलल्या नव्हत्या. नवऱ्यावर त्यांचा विश्वास होता, पण दवाखान्यातली शिकलेली माणसं सही करून खोटं कशाला लिहितील, असं त्यांना वाटलं. माळेचं कारणही त्यांनीच सांगितलं. आपल्यामुळे लोक माळेला नावं ठेवतात, म्हणून नानांनी ती उतरवून देवाजवळ ठेवली होती.

नाना पुढे त्याच वर्षी पावसाळ्यात गेले. खोकल्याचं निमित्त झालं, श्वासाचे स्नायू थकले. माझी सही चुकीची होती असं मी लिहून दिलं होतं, तो कागद वरच्या ऑफिसात पोचेपर्यंत त्यांचा दहावा झाला होता.

त्याआधी एकदा मी त्यांच्या घरी गेलो होतो. मुद्दाम सकाळी गेलो, त्यामुळे त्यांचं बोलणं स्पष्ट होतं. त्यांनी मला खाटेवर शेजारी बसवलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी मिटल्या डोळ्यावर बर्फ ठेवला आणि पापणी कशी आपोआप वर आली, हे कौतुकाने सांगितलं. मी माफी मागितली. माझं चुकलं, मला लाज वाटते, एवढंच बोलता आलं.

"त्या दिन तुम्ही मना बाजूलेच उभा व्हतात, भाऊ," ते म्हणाले. "एक डाव मनं तोंड तरी हुंगी लेतात."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी हातभर अंतरावर बसलो होतो. त्यांच्या तोंडाला नुकत्याच घेतलेल्या गवती चहाचा वास येत होता.