मथुराबाईचा पत्रा

मार्केट यार्डात कोंडीरामचं आडनाव कुणालाच ठाऊक नव्हतं. गोण्यांवर मार्का उमटवणारा म्हणून मार्केवाला कोंडीराम, एवढी ओळख पुरे होती. पत्र्यात छिन्नीनं आडत्याचं नाव कोरायचं, तो पत्रा गोणीवर धरायचा आणि वरून काळ्या रंगाचा बोळा फिरवायचा, की नाव उमटलंच. चाळीस वर्षं त्याची अक्षरं तांदळाच्या न् मिरचीच्या गोण्यांवर बसून गावोगाव फिरली. मग गोण्या कारखान्यातूनच छापून यायला लागल्या आणि कोंडीराम रिकामा झाला.

अशात सलोनी आली. साच्यातून भिंतींवर चित्रं उमटवणारी जी पोरं हल्ली शहरभर झाली आहेत, त्यांतलीच एक. तिचे पुठ्ठ्याचे साचे दोन भिंती रंगवेपर्यंत रंगानं भिजून लोळागोळा व्हायचे, म्हणून तिला पत्रा कापणारा हात हवा होता. परदेशातल्या अशा एका कलाकाराची चित्रं लोक भिंतीसकट कापून नेतात, असं तिनं कौतुकानं सांगितलं.

"आमच्या गोण्या लोकांनी पायपुसण्याला नेल्या," कोंडीराम म्हणाला.

पण काम त्यानं जीव लावून केलं. डोळ्याचं बुबुळ गळून पडू नये म्हणून पत्र्याचा बारीक जोड कुठं राखायचा, हे उलट त्यानंच तिला शिकवलं. वर्षभरात त्यानं चाळीसेक चेहरे कापले असतील.

आणि त्याची बायको मथुराबाई चार दिवसांच्या तापात गेली. मूलबाळ नव्हतं. तीस वर्षं ती तिथंच, यार्डात, कांदे निवडायला बसायची.

"काका, यार्डाच्या भिंतीवर काकूंचं चित्र करू या," सलोनी म्हणाली. "फोटो द्या, मी मोठा करून देते."

फोटो एकच, आधार कार्डावरचा. त्यात मथुराबाई पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसत होती.

"ही ती न्हाई," कोंडीराम म्हणाला. "मी मनानंच कापतो. एवढा संसार केलाय, फोटो कशाला लागतोय?"

पदर सरसर कापून झाला. कमरेवरचा हात झाला, बांगड्या झाल्या. चेहऱ्यापाशी मात्र छिन्नी थांबली. डोळे मोठे होते की बारीक? भुवया कशा होत्या? त्यानं डोळे मिटून पाहिलं, तर समोर येत होती फडक्यात बांधलेली भाकरी आणि भेगाळलेल्या टाचा.

चौथ्या दिवशी त्यानं पत्रा आणला. चेहऱ्याच्या जागी काहीच कापलेलं नव्हतं. सलोनीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि तसंच चित्र भिंतीवर उमटवलं.

दुपारी कांद्यावरच्या बायका तिथून निघाल्या. मथुराबाईशेजारी बसणारी गोदाबाई जागीच थबकली.

"अगं बया, ही तर आपली मथुरा! अशीच उभी राहायची, एका पायावर भार टाकून." सगळ्याजणी रडायला लागल्या. डोळे पुसत गोदाबाईनं विचारलं, "पण कोंडीबा, तोंड का न्हाई काढलं?"

"रोज भाकरी घेऊन यायची," कोंडीराम म्हणाला. "मी नुसता हात पुढं करायचो. पत्र्यावरची नजर कधी काढलीच न्हाई." त्यानं तिच्याकडे मान वळवली. "गोदाबाई, तुमीच सांगा. तिचे डोळे कसे होते वो?"

गोदाबाई सांगू लागली. डोळे पिंगट होते. डाव्या भुवईत जुना व्रण होता. हसली की एका गालाला खळी पडायची. कोंडीराम खाली बसून, एखाद्या परक्या बाईविषयी ऐकावं तसं, सगळं ऐकत राहिला.