निवदाची काकवी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी सांगलीच्या एका तेलगिरणीत रसायनतज्ज्ञ होतो. शेंगतेलात हायड्रोजन मुरवून त्याचं घट्ट वनस्पती तूप करायचं, आणि ती क्रिया लवकर घडावी म्हणून उत्प्रेरक तयार करायचा, हे माझं काम. उत्प्रेरक म्हणजे निकेल. ते जितकं सच्छिद्र, स्पंजासारखं, तितकं चांगलं. पण असं निकेल कोरडं झालं की हवा लागताच आपोआप पेटतं, म्हणून ते कायम पाण्याखाली ठेवायचं. पुढे माझं सगळं संशोधन अशाच सच्छिद्र पदार्थांवर झालं. भीती म्हटली की मात्र मला तो एकच प्रवास आठवतो.

तेलात हायड्रोजन मुरवायचं भांडं मात्र आमच्याच मालकांच्या साताऱ्याच्या गिरणीत होतं. तिथे निकेल पोचवायचं काम माझ्याकडे आलं. निघण्यापूर्वी सवयीने यादी केली: कडीचा डबा, तळाशी निकेल, वर वीतभर पाणी, झाकणाला सुतळी. सगळ्यावर खुणा झाल्या. प्रवासी मोटारीतली माणसं मी हिशेबात धरली नव्हती.

पेट्रोल मिळत नव्हतं. मोटार कोळशाच्या गॅसवर चाले, मागे भट्टी बसवलेली. इस्लामपूरच्या पुढे रेडिएटर उकळला. पाय मोकळे करायला मी उतरलो. परत आलो तर क्लीनर माझा डबा जागेवर ठेवत होता.

"सायेब, तुमचं पानी लय कामाला आलं. तळाला नुसता गाळ हाय. असलं पीत जाऊ नगा."

रेडिएटरला पाणी कमी पडलं की उतारूंनी आपापले तांबे द्यायचे, ही त्या रस्त्याची रीतच होती. आता गाडीत कुणाजवळ थेंब उरला नव्हता.

मोटार सुटली. माझं बाक भट्टीला लागून. झाकण उचलून पाहिलं तर काळा गाळ कडेने सुकून राखाडी होऊ लागला होता. सांगावं, तर काय सांगणार? आपोआप पेटणारी भुकटी घेऊन चाललोय म्हणून? सातारा जिल्ह्यात तेव्हा भूमिगतांचा जोर होता, आणि कऱ्हाडच्या नाक्यावर पोलीस प्रत्येक पिशवी उलटी करत. न सांगावं, तर गाडी खच्चून भरलेली, पुढच्या बाकावर एक पोटुशी बाई, आणि दार एकच.

कडेला ठिणगी चमकली. बारीक धूर निघाला.

शेजारी एक म्हातारे शेतकरी पायांत काकवीचं मडकं धरून बसले होते. त्यांनी डब्यात पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, काकवी ओता ह्यात."

"कशापायी?"

"आधी ओता."

त्यांनी निम्मं मडकं रिकामं केलं. धूर बसला. काकवीने निकेलची छिद्रं बुजली, माझी मेहनत वाया गेली. पण हवा तुटली.

कऱ्हाडला पोलीस चढला. डबा उघडून त्याने विचारलं, "काय हाय?"

"काकवी."

चाखायला त्याने बोट पुढे केलं. ते तळापर्यंत गेलं असतं, तर वर काळी भुकटी आली असती.

"आवं हवालदार, निवदाची हाय," म्हातारे म्हणाले. "उष्टी करू नगा."

"निवद आसा पायापाशी ठिवत्यात व्हय?"

"मग मोटारीत देव्हारा कुठनं आणू?"

लोक हसले. पोलिसाने बोट मागे घेतलं आणि तो उतरला.

उंब्रजला म्हातारे उतरायला उठले. माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "कुठं उडवायचं ते मी इचारीत न्हाई."

"काका, तसलं काही नाही. हे तेलासाठी आहे."

"व्हय व्हय. तेलच म्हनायचं."

थांब्यावर उभ्या असलेल्या एका धिप्पाड माणसाशी ते दोन शब्द बोलले. तो मोटारीत चढला आणि त्यांच्या जागेवर, माझ्या शेजारी बसला. साताऱ्याला उतरल्यावर डबा माझ्या हातातून घेतला, गिरणीच्या दारापर्यंत बरोबर आला आणि पाटी नीट वाचली.

"पुढची खेप कवा?" त्याने विचारलं.

आत गिरणीचे साहेब माझी वाट पाहत होते. मी दारातच उभा राहिलो. पुढची खेप कधी ते सांगायची भीती वाटत होती, आणि भूमिगतांच्या त्या माणसाला नाही म्हणायची त्याहून जास्त.