रान सोडल्यावरची फिर्याद

अपघाताची गोष्ट म्हणलं की तुमी सावरून बसले असताल. काचा फुटलेल्या, सायरन वाजून राहिला, कोणीतरी डोकं धरून बसलेलं. तसलं काही न्हाई. अन् इन्शुरन्सचा इन्व्हेस्टिगेटर म्हणलं की काळा चष्मा, हातात भिंग, असं काही मनात आलं असंल तर तेबी काढून टाका. माझा चष्मा नंबरचा हाय. मोटरसायकल उतारावर लावावी लागती, न्हाईतर चालू होत न्हाई. अन् या गोष्टीतला सगळ्यात मोठा सुगावा मला मेंढ्यांनी दिला. हसा खुशाल. मुळे साहेबबी हसलते. नंतर न्हाई हसले.

मुळे साहेब म्हणजे माझे बॉस. नांदेडला त्यांची एजन्सी हाय. इन्शुरन्स कंपनीला एखाद्या क्लेमवर डाऊट आला की फाइल साहेबाकडं येती, अन् हिंगोली जिल्ह्यातली असली की साहेबाकडून माझ्याकडं. साहेबाला बोलण्याआधी खाकरायची सवय हाय. "ह्हं. मुद्द्याचं बोला." फोनवर तसंच, जेवताना तसंच, एकदा तर मयतीतबी तसंच. ही नक्कल मला इतकी जमती की पाठमोरा शिपाई दचकून उभा राहतो.

"ह्हं. ही घे. बोगस आहे," साहेबानं फाइल टेबलावर सरकवली.

"साहेब, मी उघडलीबी न्हाई अजून."

"मी उघडली आहे. तू फक्त जाऊन ये आणि तसं लिही."

फाइल होती सोपानमामाची. मेंढपाळ माणूस. कुरुंद्याजवळ रस्त्यावर एका कारनं रिव्हर्स घेताना त्याचा पाय मोडला अन् एक मेंढी मेली, असं त्याचं म्हणणं. कार बालाजी शेठची, हळदीचे व्यापारी. गाडीचा विमा चालू. सोपानमामानं कोर्टात भरपाईची केस टाकली होती.

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती बऱ्याच जणांना उलटी वाटती. गाडीचा जो विमा सक्तीचा असतो, तो तुमच्या गाडीसाठी नसतो. ती ज्याला जाऊन धडकल त्याच्यासाठी असतो. थर्ड पार्टी म्हणतात ते हेच. कोर्टानं भरपाई दिली की ती कंपनीच्या खिशातून जाती. म्हणून कंपनी विचारती, हीच गाडी धडकली का दुसरीच? आमच्या धंद्यात याला 'गाडी घुसवणं' म्हणतात. धडकती एखादी बिनविम्याची टमटम, अन् फिर्यादीत नंबर पडतो पाव्हण्याच्या कारचा.

साहेबाचा डाऊट हवेतला नव्हता. पोलिसातली फिर्याद बरीच उशिरा दिलेली. दवाखान्याच्या कागदावर पहिल्याच दिवशी 'बांधावरून पडून दुखापत' असं आलेलं, तेबी पेशंटनं स्वतः सांगितलेलं. अन् शेठनं गाडीच्या दुरुस्तीचा क्लेमच केला नव्हता, म्हणजे कारला काही झाल्याचा कुठंच पुरावा न्हाई.

"आधी पडला, मग त्याला कार आठवली," साहेब म्हणाले. "पाय मोडल्यावर डोकं उशिरा चालायला लागतं का रे?"

मी 'बोगस' लिहिलं असतं तर सोपानमामाची केस तर गेलीच असती, वर खोटा क्लेम केला म्हणून त्याच्यावरच गुन्हा. म्हणून म्हणलं, लिहायचंच हाय तर बघून लिहू.

आधी कुरुंद्याला गेलो. बालाजी शेठ ओट्यावर बसून हळदीच्या गाठी फोडून बघत होते. मी कोण ते सांगितलं. वाटलं, आता टाळाटाळ करतील.

"व्हय की," शेठ म्हणले. "आमच्याच गाडीनं लागलं. पोरगं रिव्हर्स घेऊन राहिलं होतं. चहा घेता ना?"

हे ऐकून माझा डाऊट वाढला. धडकवणारा माणूस सहसा आधी न्हाईच म्हणतो. जो चहासंगट कबुली देतो, तो बहुतेक शिकवलेला असतो.

"मग शेठ, दुरुस्तीचा क्लेम काहून न्हाई केला?"

"क्लेम करायचा म्हणजे तुमचा सर्वेअर येईस्तोवर फुटकी गाडी दारात ठेवायची. ठेवतं का कोणी? वारंगा फाट्यावर नेली, मागचा बंपर बदलला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. झालं."

"फोटो?"

"फुटक्या गाडीचा फोटो कशाला काढतंय भाऊ कोणी?"

घ्या. पुरावा नारळासंगट फुटला.

"अन् सोपानमामाला ओळखता?"

"म्हणजे काय. आमच्याच रानात तर बसले होते मेंढ्या घेऊन."

हळद काढून झाली की रान मोकळं होतं. मग शेतकरी मेंढपाळाला बोलावतो. मेंढ्या काही दिवस रानात बसवायच्या, त्यांच्या लेंड्यांचं खत रानाला मिळतं, अन् मेंढपाळाला ज्वारी, डाळ, जे ठरलं असंल ते. तसा सोपानमामा शेठच्या रानात बसला होता. मी वहीत लिहिलं, 'दोघं ओळखीचे'. आमच्या रिपोर्टात हे दोन शब्द आले की क्लेम निम्मा मेलाच.

तेवढ्यात शेठचं पोरगं कार रिव्हर्समधी बाहेर काढायला लागलं. अन् तो हॉर्न ऐकून मी चहाचा कप खालीच ठेवला. आधी चिमण्या चिवचिवल्या. मग एक लेकरू भोकाड पसरून रडलं. मग एक बाई इंग्रजीत काहीतरी रागावली.

"हैदराबादून बसवून आणलाय," शेठ म्हणले. "सावध व्हावं लोकांनी म्हणून."

मी रस्ताभर तो हॉर्न वाजवत गेलो. तोंडानं. सवयच हाय.

सोपानमामाचं बिऱ्हाड तवा सिद्धेश्वरच्या कालव्याजवळ उतरलं होतं. मेंढ्या मेव्हणा सांभाळून राहिला होता. मामा बाजेवर, पाय सरळ ताणलेला. बाजूला मामी चुलीपाशी.

"आतला रॉड सरकलाय म्हणत्यात," मामा म्हणला. "दुसरं आपरेशन हाय. ते न्हाई झालं तर असाच ताठ ऱ्हाणार म्हणं पाय."

"मग मेंढ्या?"

"मेव्हण्याला त्याच्या हायेत की. माझ्या किती दिस हाकल? इकाव्या लागत्यान." एवढं बोलून तो मेंढ्यांकडं बघत राहिला.

मी मुद्द्यावर आलो. "मामा, डॉक्टरला पडलो म्हणून काहून सांगितलं?"

"शेठचं पोरगं उशालाच हुबं व्हतं. दवाखान्यात त्यानंच नेलतं. त्याच्या तोंडावर त्याचं नाव सांगू व्हय?"

"बरं. मग पोलिसात इतक्या उशिरा?"

"मेंढ्या त्याच्याच रानात व्हत्या न्हवं."

"त्याचा काय संबंध?"

मामीनं चुलीपासनं वर बघितलं. मामानंबी. म्हणजे, ह्याला शाळेत घातलं का न्हाई, असं.

"ज्याच्या रानात बसलो, ज्याची ज्वारी खाल्ली, त्याच्या दारात पोलीस न्यायचा?" मामा म्हणला. "बोली झाली व्हती तेवढं रान बसवून दिलं. मेंढ्या उठीवल्या. शीव वलांडली. अन् तिथनं मेव्हण्याच्या गाडीवर बसून ठाण्यात गेलो."

"शेठ चिडले असतील."

"काहून? त्येच म्हणले, आता जा. इमा हाय म्हणले."

"हे तुमी वकिलाला सांगितलं का?"

"त्यानं इचारलंच न्हाई."

मी फाइल उघडून बसलो. फिर्यादीची तारीख बघितली. मेव्हण्याला विचारलं, शेठचं रान कधी सोडलं. त्यानं अमावस्येवरून हिशेब लावला. तोच दिवस. उशीर बरोबर रान बसवण्याइतकाच होता.

पण ही झाली तोंडी गोष्ट. साहेबापुढं ठेवली असती तर साहेब म्हणले असते, छान रचली. मला अजून कायतरी पाहिजे होतं. समोर मेंढ्या निवांत रवंथ करून राहिल्या होत्या. अन् माझ्या डोक्यात आलं, अपघात यांनीबी पाह्यलाय. यांना विचारलं तर?

आधी तोंडानं ट्रॅक्टरचा आवाज काढला. एकीनंबी मान उचलली न्हाई. मग ट्रक. मग एसटीचा भोंगा. मेंढ्या गप. एक बकरी तेवढी माझ्याकडं बघायला लागली, पण तिचा चेहराच तसा होता.

"काय करून राहिलं हे पोरगं?" मामी मेव्हण्याला म्हणली.

"हापिसचं काम असंल," मेव्हणा म्हणला.

मग मी चिमण्या काढल्या. सगळ्या मेंढ्यांचे कान उभे. लेकरू रडवलं, अन् कळप एकदम उठला. इंग्रजी बाईपर्यंत मी पोचलोच न्हाई. मेंढ्या गेल्या शेजारच्या उन्हाळी भुईमुगात, मेव्हणा त्यांच्यामागं, कुत्रं मेव्हण्यामागं. अन् मामी काठी घेऊन माझ्यामागं.

"हुंदडायला आलास व्हय रं? लोकाचा भुईमूग गेला आता! तू भरतूस का? इस्त्रीचा शरट घालून माकडचाळे करतंय मेलं!"

सोपानमामा सवयीनं उठाय गेला. अर्धा उठला, अन् पाय आठवला तसा बाजेची कड धरून परत बसला. चेहरा पार उतरला. मग त्यानं तिथूनच, तोंडाला हात लावून एक हाक दिली. लांबलचक, शेवटाला वर उचललेली. भुईमुगातला कळप थांबला. वळला. अन् एकामागं एक परत आला.

मी बाकी सगळ्यांचे आवाज काढतो. ती हाक मला अजून जमली न्हाई.

मेंढ्या माझ्यापुढून गेल्या तवा दिसलं, प्रत्येकीच्या पुठ्ठ्यावर, शेपटीच्या वरच्या अंगाला, गुलाबी पट्टा होता.

"मामा, हा रंग?"

"आमची खूण. कळपात कळप मिसळला तर वळखाया. मेव्हण्याचा निळा."

"त्या दिवशी मेंढीबी मेली होती ना एक?"

"मेली की. मला लागायच्या आदी तीच सापडली. गाडीखाली अडकली व्हती, बंपर वाकवून काढली."

मी तिथूनच साहेबाला फोन लावला. सगळं सांगितलं.

साहेब खूप वेळ हसले. "मेंढ्यांचं ॲफिडेव्हिट करून आणणार का? ह्हं. अरे, त्या शेठच्याच रानात राहिल्या होत्या. तो हॉर्न रोज ऐकत असतील."

"रोज ऐकून सवय झाली असती तर पळाल्या काहून, साहेब?"

"हातात धरता येईल असं काहीतरी आण. मी आता कोर्टात चाललोय," साहेब म्हणले, अन् फोन बंद केला.

हातात धरता येईल असं एकच होतं. जुना बंपर. शेठला विचारून वारंगा फाट्यावरच्या रशीद मिस्त्रीला फोन लावला.

"पुराना बंपर? पीछे पड़ा होंगा," मिस्त्री म्हणला. "लेकिन भंगारवाला आया है, गाड़ी भर रहा."

"चाचा, तो बंपर थांबवा. मी इन्शुरन्सकडून बोलतोय."

"इन्शुरन्सवाले? मेरा खुद का क्लेम नांदेड के मुळे साहब के पास लटका के रखे तुम लोगां. तेरे बड़े साहब को बोल, फोन करने को." अन् ठेवून दिला.

बड़े साहबांचा फोन बंद. भंगारवाला गाडी भरून राहिलेला. मी जरा थांबलो, दुसऱ्या सिमवरून परत लावला.

"ह्हं. मुळे बोलतोय. मुद्द्याचं बोला. तो बंपर जागचा हलता कामा नये."

"जी साहब," रशीद मिस्त्री म्हणला. "साहब, वो मेरा क्लेम..."

"ह्हं. बघतो."

मी पोचलो तवा भंगाराची गाडी निघून गेली होती अन् मिस्त्री त्या बंपरवर बसून होता. हलू नये म्हणून. बंपरवर शेठच्या लेकीचं नाव रेडियममधी चिकटवलेलं, म्हणजे गाडीबद्दल वाद न्हाई. उलटा केला. आतल्या क्लिपमधी लोकर अडकलेली होती, चिखलानं वाळून घट्ट झालेली. मी हात न लावता वाकून बघितलं. चिखलाखाली गुलाबी.

मग ठाण्यातल्या जमादाराला बोलावलं, पंचनामा झाला, फोटो निघाले. रिपोर्टात लिहिलं, अपघात खरा, गाडी हीच, उशिराचं कारण हे. कंपनीच्या वकिलानं गाडी घुसवल्याचा मुद्दा सोडला. लोकअदालतीत तडजोड झाली. सोपानमामाचं ऑपरेशन झालं. आता काठी घेऊन चालतो. मेंढ्या पुढं जातात, मामा मागून हळू येतो, अन् लांब गेल्या की हाक देतो. मेंढ्या न्हाई इकल्या.

यातून मी एकच शिकलो. फिर्याद किती उशिरा आली ते फाइलीत कळतं. काहून आली, ते चुलीपाशी बसून विचारावं लागतं. जमलं तर शर्ट इस्त्रीचा घालू नये.

गोष्ट इथं संपली असती. पण रशीद मिस्त्री नांदेडला गेला, पेढ्याचा बॉक्स घेऊन, साहेबाला भेटायला. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं.

"ह्हं. ये. बस. नको, उभाच राहा. काल एक मिस्त्री आला होता. म्हणतो, साहब, आपने खुद फोन किया था. बंपरवर बसून राहिला म्हणे माझ्या शब्दाखातर. मी त्या वेळी कोर्टात होतो. फोन बंद. मग मी कोण होतो?"

"साहेब, भंगाराची गाडी—"

"गप्प. नोकरी करतोस का जत्रेतला खेळ? उद्या माझ्या आवाजात स्वतःची रजा मंजूर करशील. आणि त्याचा क्लेम 'बघतो' म्हणून कोणी सांगितलं? आता तो मला बघावा लागतोय. आणि रिपोर्टात हे काय, 'सदर हॉर्न इन्व्हेस्टिगेटरने स्वतः वाजवला'? कंपनी विचारते आहे, कोणत्या यंत्रावर? काय कळवू त्यांना, तोंड? तो भुईमूगवाला वेगळाच फोन करतोय. पुन्हा माझा आवाज तुझ्या तोंडातून निघाला तर घरी बसवीन, समजलं? आणि तो मिस्त्री म्हणत होता, आवाज ओळखला, साहेब खाकरतात ना, त्यावरून. मी? मी कधी खाकरतो रे? ह्हं. नीघ."