मायच्या हातून दिलेला ॲडव्हान्स

तेलंगणातल्या बोथ गावी एका सरकारी ऑफिसात मी कारकून आहे. लोकांचे अर्ज तपासतो आणि दिवसातून वीस वेळा एकच वाक्य बोलतो, "पावती जोडा, पावती." आणि स्वतः घर भाड्यानं घेतलं तेव्हा पावती मागितली नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

दोन खोल्या होत्या, मालक वरच्या मजल्यावर. बायको-पोरं अजून गावीच होती, घर बघायला माझ्यासोबत फक्त माय आली होती. आमच्या घरात नव्या जागेचे पैसे थोरल्या माणसाच्या हातून देतात. म्हणून तीन महिन्यांच्या भाड्याइतका ॲडव्हान्स मी मायच्या हातात ठेवला आणि तिनं मालकाच्या. त्यानं दोन्ही हात पुढं करून घेतला, तिला "अम्मा" म्हणाला. अशा वेळी पावती कुठून मागणार? मला लाज वाटली. जळो ती लाज.

चार वर्षं माय त्या घरात राहिली. दारातून रस्ता दिसेल अशी भिंतीला टेकून बसायची. तिच्या डोक्याच्या तेलाचा तिथं डागच पडला होता. मग ती आजारी पडली, अंथरुणाला खिळली, आणि आदिलाबादच्या डॉक्टरनं सांगितलं, "आता घरी न्या." घरी आणलं त्याच संध्याकाळी मालक जिना उतरून आला.

"सार, बुरा मत मानो," अगदी मऊ आवाजात म्हणाला. "घर में कुछ हो गया तो हमको छह महीना ताला डालना पड़ता. वो किराया आपके ॲडव्हान्स में से जाता."

त्यांच्यात तशी रीत आहे. वाईट नक्षत्रावर माणूस गेलं की घर बंद ठेवतात. आम्ही बौद्ध. नक्षत्र-बिक्षत्र मानत नाही, जयंतीच्या भाषणात मी हे ठणकावून सांगतो. त्या दिवशी मात्र मुकाट मान डोलावली. औषधपाण्यात हात रिकामा झाला होता. ॲडव्हान्सही बुडाला तर दुसरं घर कशावर घ्यायचं, एवढंच डोक्यात होतं.

सकाळीच ऑटो बोलावला आणि तिला तलमडुगुकडच्या खेड्यात, चुलतभावाकडे न्यायला निघालो.

"काऊन नेऊन राह्यला मले? मी काई मांगतलं काय तुले? इथंच राहू दे नं, बाबू."

"हवापालट होईल, माय," मी म्हणालो. अस्सा खोटारडा!

तिसऱ्या दिवशी ती गेली. परक्या घरात, परक्या खाटेवर. शेवटपर्यंत एकच विचारत होती, "घरी कवा जाचं?"

त्यानंतर त्या खोल्यांत बायकोला राहवेना, मलाही. महिनाभर आधी सांगितलं, झाडून-पुसून किल्ली दिली, ॲडव्हान्स मागितला. मालकानं भिंतीकडे बोट दाखवलं. "देखो सार, तेल का दाग. पूरा पेंटिंग कराना पड़ता. सब उसी में गया."

"सगळा? एका डागाला?"

"लिखा है कहीं, कितना दिया?"

माय घरातून काढली ती काढली, वर पैसेही गेले. हाती धुपाटणं! रात्रंदिवस स्वतःचा संताप येत होता. शेवटी आदिलाबादच्या कोर्टासमोर एका वकिलाकडे गेलो. वांकिडीकडचा, आपल्याच बोलीचा माणूस निघाला.

"डाग पडला म्हनून सगळा ॲडव्हान्स ठेवता येत नाई, भाऊ," तो म्हणाला. "राह्यल्यावर भिंत मळतेच. हक्क तुमचा हाय. पावती?"

"नाही."

"फोनवरून पाठवले?"

"रोख."

"मंग साक्षीदार लागन. पैसे देताना कोन होतं?"

"माय होती. तिच्याच हातून दिले."

त्याचा चेहरा उजळला. "मंग काऊन घाबरता! म्हाताऱ्या मानसाच्या साक्षीले वजन असते. उद्या त्यायले घेऊन या."

मी "हो" म्हणालो, चप्पल घातली आणि बसस्टँडकडे चालू लागलो.