निवडीचे पेढे

कंदी पेढ्याचा वास आला की उंब्रजचं ते मंगल कार्यालय आठवतं. परदेशात डॉक्टरकीला प्रवेश मिळवून देणाऱ्या आमच्या एजन्सीचा मोफत मेळावा होता. त्याआधीच्या आमच्या ऑनलाइन वेबिनारला नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला मीच मेसेज धाडला होता, ‘अभिनंदन, आपल्या पाल्याची निवड झाली आहे.’ निवड कसली, नुसतं मेळाव्याचं बोलावणं. मेढ्याहून एक निवृत्त फौजी लेकीला घेऊन आले, हातात पेढ्यांचा पुडा. “आवं मॅडम, पोरगी डॉक्टरकीला लागली. समद्या गावाला वाटून आलोय.” खरं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात लेकीनं पेढा भरवला. मी तो गिळला आणि यादीत त्यांच्या नावापुढं ‘पक्कं गिऱ्हाईक’ असं लिहिलं. आजही कुणी पेढा पुढं केला की मी आधी विचारते, “नक्की झालंय ना?”